मूल बोलेल त्या दिवसाची तयारी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचा वीसेक तरुण-तरुणींचा गट आहे. मागच्या वर्षी मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध तुम्ही पथनाट्य केलं, फलक लावले, तीन शाळांत 'गुड टच, बॅड टच'ची सत्रं घेतली. यंदा मोहीम मोठी करायची आहे, तर लोकांच्या मनावर ठसेल असं काय करावं, हे तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य आहे. एका सत्रानंतर सहावीतला एक मुलगा मागे रेंगाळला आणि 'घरातल्याच मोठ्या माणसाने असं केलं तरी ते चूकच असतं का?' असं विचारून निघून गेला. तुम्ही वर्गशिक्षकांच्या कानावर घातलं, ते 'बघतो' म्हणाले. पुढचं तुम्हाला माहीत नाही.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या वाक्यात आहे. तुमचा संदेश ठसला होता. इतका ठसला, की एका मुलाने धीर करून तोंड उघडलं. पण मूल बोललं तर कुणी काय करायचं, हे तुमच्या गटात ठरलेलं नव्हतं आणि शाळेतही नव्हतं. मी गेली अठरा वर्षं अत्याचार झालेल्या मुलांसोबत समुपदेशक म्हणून आणि खटल्यांत त्यांची सहायक व्यक्ती म्हणून काम करते आहे. या काळात पाहिलेल्या मोहिमांपैकी बहुतेक इथेच अडतात. म्हणून आधी त्या मुलाबद्दल लिहिते, मोहिमेचं नंतर बघू.

पोक्सो कायद्याचं, म्हणजे २०१२ च्या 'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमा'चं कलम १९ असं सांगतं, की असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं किंवा होण्याची भीती वाटली, त्या कुणीही पोलिसांना कळवलं पाहिजे. 'कुणीही' म्हणजे तुम्हीसुद्धा. पुरावा गोळा करणं, खातरजमा करणं हे तुमचं काम नाही. ते काम तपास यंत्रणेचं. कलम २१ प्रमाणे न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं आणि संस्थेचा प्रमुख असेल तर शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. शिक्षकांच्या कानावर घातलं म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. उलट बाजूने, चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असं संरक्षणही कलम १९ मध्येच आहे.

आता, त्या मुलाने जे विचारलं ती माहिती होती, शंका होती की नुसतं कुतूहल, हे इथे बसून मी सांगू शकत नाही. तुम्हीही सांगू शकणार नाही. पण मुलं फार वेळा अशीच बोलतात. 'एका मित्राला असं झालं', 'कुणी असं केलं तर', 'समजा'... समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते बघायचं आणि मग पुढचं बोलायचं की नाही ते ठरवायचं. त्यामुळे १०९८ ला फोन करा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन चोवीस तास चालते, फोनला पैसे पडत नाहीत. मुलाचे शब्द जसे आठवतात तसे सांगा, स्वतःचा अर्थ त्यात मिसळू नका. मुलाच्या घरी जाऊ नका, त्याच्या आईवडिलांना गाठू नका, 'कोण आहे तो' याचा शोध घेऊ नका. प्रश्न 'घरातल्या माणसा'बद्दल होता. तुम्ही दारात उभे राहिलात तर त्या संध्याकाळी घरात काय होईल याचा विचार करा. बालकल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष नेमके याच चौकशीसाठी आहेत. उशीर झालाय म्हणून थांबू नका. वर्ष लोटल्यावर दिलेल्या माहितीवरही मुलं सुटलेली आहेत.

आता मोहीम.

डेव्हिड फिंकेलहोर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये एक मांडणी केली होती. मी प्रत्येक प्रशिक्षणाची सुरुवात तिच्यापासून करते. मुलावर अत्याचार होण्याआधी करणाऱ्याला चार पायऱ्या ओलांडाव्या लागतात. एक, त्याच्या मनात तसं करण्याची इच्छा असावी लागते. दोन, स्वतःचाच आतला अटकाव त्याला मोडावा लागतो. तीन, बाहेरचा अटकाव टाळावा लागतो, म्हणजे मुलाभोवतीची मोठी माणसं, त्यांचं लक्ष, संस्थेचे नियम. आणि चार, मुलाचा प्रतिकार मोडावा लागतो. तुमच्या फलकांची वाक्यं यातल्या कुठल्या पायरीवर बसतात ते बघा. 'नाही म्हण', 'ओरड', 'पळ', 'सांग'. सगळी चौथ्या पायरीवर, म्हणजे सगळा भार सर्वांत लहान खांद्यांवर.

याचा परिणाम मी खोलीत समोर बसून पाहिलाय. नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या शाळेत सत्र झालेलं, तिला सगळं पाठ होतं. माझ्यासमोर बसून फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "ताई, मला माहीत होतं नाही म्हणायचं असतं. मी म्हटलंच नाही. म्हणजे माझीच चूक ना?" तिला घाबरून आवाजच फुटला नव्हता. अशा वेळी शरीर गोठून जाणं ही अगदी स्वाभाविक गोष्ट आहे, मोठ्या माणसांचंही तसं होतं. पण आम्ही तिला नियम शिकवला होता आणि तो पाळता न आल्याची शिक्षा ती स्वतःला देत होती. त्या दिवसापासून मुलांच्या प्रत्येक सत्रात एक वाक्य मी न चुकता म्हणते, बहुतेक वेळा तीनदा : "नाही म्हणता आलं नाही, तरी चूक तुझी नसते. खूप दिवसांनी सांगितलंस, तरी चालतं."

मुलांची सत्रं बंद करा असं मी म्हणत नाही. शाळांमधल्या अशा कार्यक्रमांवरच्या २४ चाचण्यांचा, एकूण ५,८०२ मुलांचा, २०१५ चा एक आढावा आहे. तो कॉक्रेनने, म्हणजे झालेली संशोधनं एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात मुलांची माहिती आणि स्वतःला जपण्याची कौशल्यं वाढलेली दिसली. मुलं घाबरून जातात ही पालकांची भीती खरी ठरल्याचं दिसलं नाही. पण यामुळे प्रत्यक्ष अत्याचार कमी होतात का, हे त्या आढाव्यातून सिद्ध झालेलं नाही. मला याचं नवल वाटत नाही. दहा वर्षांच्या मुलाने चाळिशीच्या माणसाला, तेही ज्याच्यावर घराचा विश्वास आहे अशा माणसाला, एकट्याने थोपवावं ही अपेक्षाच गैर आहे. त्याचं काम फार तर सांगण्याचं. पुढचं सगळं आपलं. म्हणून तुमच्या वेळातला निम्म्याहून अधिक वेळ तिसऱ्या पायरीवर, मोठ्या माणसांवर खर्च करा. तुमच्या प्रश्नाला माझं मुख्य उत्तर हेच आहे.

मोठ्यांशी बोलताना पहिली अडचण येते ती त्यांच्या डोक्यातल्या चित्राची. तुमच्याच फलकाचं वर्णन तुम्ही दिलंय : अंधार, मोठा काळा हात, कोपऱ्यात रडणारी मुलगी. हे चित्र बघून पालक काय शिकतो? धोका बाहेर आहे, अनोळखी आहे, अंधारात आहे आणि तो मुलींनाच आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचं लैंगिक शोषण सोसल्याचं सांगितलं आणि सांगणाऱ्यांमध्ये मुलगे निम्म्याहून किंचित जास्तच होते. पोलिसांकडे नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत तर आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वर आहे. तुमच्याशी बोललेला मुलगा होता आणि तो घरातल्या माणसाबद्दल विचारत होता. तुमच्या फलकावर तो कुठेच नव्हता.

मग पालकांना काय दाखवायचं? पद्धत दाखवा. असा माणूस मुलाच्या आधी घर जिंकतो. अडीअडचणीला धावून येतो, आईवडिलांना वेळ नसेल तेव्हा मुलाला शिकवणीला सोडतो, आजारपणात बसून राहतो. घर त्याच्या उपकारात येतं. मग तो मुलाशी वेगळं नातं जोडतो, 'तू फार हुशार आहेस, तुला बाकीचे समजून घेत नाहीत'. छोट्या भेटी देतो. मग एखादं निरुपद्रवी गुपित येतं : 'हे आपल्या दोघांतच हं, आईला सांगायचं नाही'. ते गुपित टिकलं, की मुलाचं तोंड बंद राहतं याची त्याची खात्री पटते. स्पर्श त्यानंतर सुरू होतात, तेही गंमत, कुस्ती, गुदगुल्या यांच्या आडून. सगळ्यात शेवटी धमकी येते आणि बहुधा ती मारण्याची नसते. 'तू पण गप्प राहिलास ना, आता तुलाच रागावतील.' हे सगळं महिनोन् महिने चालतं, लख्ख उजेडात, घरच्यांच्या डोळ्यांदेखत.

हे सांगितलं की सभेत कुणीतरी हमखास विचारतं, "मग काय, प्रत्येक काकावर संशय घ्यायचा का?" प्रश्न रास्त आहे. माणसांवर संशय घेत बसण्यापेक्षा नियम धरावेत, असं मी सांगते. आमच्या घरात मुलाने मोठ्यांपासून लपवायची गुपितं नसतात. नको असेल तर मूल कुणाच्याही मांडीवर बसणार नाही, कुणालाही पापी देणार नाही, पाहुणा कितीही जवळचा असो. शिकवणीचं दार उघडं राहील. चांगल्या माणसाला हे नियम खुपत नाहीत. जो त्यांना पुन्हा पुन्हा बगल देतो, 'माझ्यावर विश्वास नाही का' म्हणून रुसतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

पालकसभेत भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडणारा एक प्रयोग सांगते. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची. तिच्यावर मुलाचं एक वाक्य : 'मला उद्यापासून त्या क्लासला जायचं नाही.' खाली पहिल्या दहा सेकंदांत तोंडातून काय निघेल ते लिहायचं, खरं खरं, नाव न घालता. मग चिठ्ठ्या गोळा करून मोठ्याने वाचायच्या. 'नाटकं करू नकोस.' 'अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय.' 'बाबांना सांगू का?' 'सर चांगले आहेत, तुलाच लक्ष द्यायला नको.' दहा-बारा चिठ्ठ्या वाचेपर्यंत सभा शांत होते. एकदा मागच्या रांगेतले एक आजोबा उठून म्हणाले, "म्हणजे पोरगं सांगतं, आपणच गप्प करतो." मी तासभर बोलून जे सांगणार होते ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

मग त्याच चिठ्ठीच्या मागे दुसरं उत्तर लिहायला लावायचं आणि शेजाऱ्याला म्हणून दाखवायला लावायचं. म्हणून दाखवणं महत्त्वाचं. ही वाक्यं जिभेला वळण पडल्याशिवाय ऐन वेळी येत नाहीत. 'बरं. तिथे तुला काय आवडत नाही, ते सांगशील?' आणि मूल खरंच काही सांगू लागलं तर : 'सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काही चूक नाही. आता काय करायचं ते मी बघतो.' एवढंच. यापुढे खोदून विचारायचं नाही. 'खरंच?', 'नीट आठव', 'आधी का नाही बोललास?', 'तू तिथे गेलासच कशाला?' यातला एकही प्रश्न नाही. 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, कारण सांगावं लागणार आहे आणि वचन मोडलं की मूल पुन्हा मिटतं. त्याऐवजी 'मदत करू शकतील अशाच माणसांना सांगू' असं म्हणायचं. नंतर बाजूला जाऊन मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचे. काकूला, आजीला, मुख्याध्यापकांना, पुन्हा एकदा मामाला, असं मुलाला सगळीकडे सांगायला लावायचं नाही. प्रत्येक वेळी ते पुन्हा त्यातून जातं, आणि मोठ्यांच्या सूचक प्रश्नांमुळे त्याच्या सांगण्यात बाहेरचे शब्द शिरले तर न्यायालयात त्याच्यावरच अविश्वास दाखवला जातो.

आणखी एक गोष्ट पालकांना आणि शिक्षकांना आधीच सांगून ठेवा : मूल शब्द मागे घेऊ शकतं. रोलंड समिट या मनोविकारतज्ज्ञाने १९८३ मध्येच लिहून ठेवलंय, की अशी मुलं उशिरा, अडखळत, विसंगत वाटेल असं सांगतात आणि घर विस्कटताना दिसलं की 'मी खोटं बोललो' म्हणतात. दुसऱ्या दिवशी मूल 'तसं काही नव्हतं' म्हणालं, की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि प्रकरण मिटवतात. माझ्या अनुभवात असं मिटवलेलं प्रकरण दोन-चार वर्षांनी जास्त वाईट रूपात परत येतं.

यानंतर लोक विचारतात ते पोलीस आणि बदनामी यांविषयी. इथे आपल्या मोहिमा फार कमी बोलतात आणि त्यामुळेच तक्रारी होत नाहीत. लोकांच्या डोळ्यांसमोर चौकीच्या बाकावर रात्रभर बसलेलं मूल असतं. कायदा काय म्हणतो ते सांगा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा. शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा. अधिकारी गणवेशात नसावेत. आई, वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असते. कुठल्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करते. तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयाला आधी पोलिसांचा कागद मागता येत नाही. न्यायालयात मूल आणि आरोपी समोरासमोर येणार नाहीत अशी व्यवस्था असते, सुनावणी बंद दाराआड होते. मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही माध्यमांत देणं कलम २३ प्रमाणे गुन्हा आहे.

सगळीकडे हे असंच घडतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. चार चार तास ताटकळलेली मुलं मी पाहिली आहेत. एका ठिकाणी 'घरातलं घरात मिटवा' असा सल्ला ऐकून परत निघालेल्या आईला मी फाटकातून परत आत नेलंय. खटला शक्यतो एका वर्षात संपवावा असं कलम ३५ म्हणतं, पण माझ्या बहुतेक मुलांना त्याहून खूप जास्त वाट पाहावी लागली. पण त्या आईला 'मॅडम, जबाब घरी घेता येतो ना?' एवढं विचारता आलं, तेव्हा बोलण्याचा सूर बदलला. हक्क ठाऊक असणारा माणूस समोर असला की फरक पडतो. म्हणून कायद्यातल्या हक्कांची वरच्या परिच्छेदातली माहिती एका पानावर छापा आणि काळ्या हाताच्या फलकाऐवजी ती वाटा.

किशोरवयीन मुलांच्या सत्रात एक अवघड प्रश्न येईल, त्याची तयारी ठेवा. 'आमचं एकमेकांवर प्रेम असेल तर?' पोक्सो कायद्यात अठरा वर्षांखालचं कुणीही बालक आहे, त्याची संमती धरली जात नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या आपखुशीच्या नात्यांतही यामुळे गुन्हे दाखल होतात आणि त्यावर न्यायालयांत आणि बाहेरही बरीच चर्चा आहे. मी मुलांना कायदा आहे तसा सांगते, लपवत नाही, धाकही घालत नाही. मग प्रेम आणि शोषण यांतला फरक बोलते : वयातलं अंतर, दबाव, भीती, गुपित राखण्याची सक्ती.

आता मुलांच्या सत्रांकडे. 'गुड' आणि 'बॅड' हे शब्द सोडा, सुरक्षित आणि असुरक्षित म्हणा. प्रत्येक असुरक्षित स्पर्श त्या क्षणी वाईट वाटतोच असं नाही. कधी तो मायेचा वाटतो, गोंधळात टाकतो आणि मग मूल म्हणतं, मला वाईट वाटलं नाही म्हणजे मीच वाईट. उलट इंजेक्शन दुखतं, पण ते सुरक्षित असतं. शरीराच्या अवयवांची खरी नावं शिकवा. 'तिथे', 'शी-शूची जागा' अशा शब्दांत मुलाने सांगितलं तर ऐकणाऱ्याला कळत नाही आणि न्यायालयात तर फारच अडचण होते. हाताच्या पाच बोटांवर विश्वासाची पाच माणसं लिहायला लावा, त्यातली निदान दोन घराबाहेरची. आणि सांगा, एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला, कुणीतरी ऐकेपर्यंत सांग.

दोनशे मुलांना सभागृहात बसवून सत्र घेऊ नका. एका वर्गाला एक सत्र, तीस-चाळीस मुलं, शक्य असेल तर पंधरवड्याने दुसरं. शेवटी प्रत्येक मुलाला कोरी चिठ्ठी द्या आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, नुसतं आवडत्या रंगाचं नाव लिहिलं तरी चालेल. सगळेच लिहीत असले की लिहिणारं मूल वेगळं दिसत नाही. तुमच्यापैकी दोघांनी त्यानंतर तासभर तिथेच, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी थांबायचं. तो मुलगा रेंगाळला होता, आठवतंय ना? अशी मुलं सामान आवरून निघणाऱ्या माणसाला काही सांगत नाहीत. ज्या मुलांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही किंवा समजायला वेळ लागतो, त्यांना सत्रातून वगळू नका. त्यांच्यावरचा धोका जास्त असतो आणि त्यांना भेटायला मोहिमा सगळ्यात शेवटी जातात. चित्रं वापरा, सांकेतिक भाषा येणारी व्यक्ती सोबत न्या.

मोबाइलबद्दल थोडक्यात, पण हे नक्की घ्या. कुणी मुलाचा खासगी फोटो मिळवून धमकावत असेल, तर मुलाने आणखी फोटो किंवा पैसे पाठवायचे नाहीत आणि घाबरून सगळं पुसून टाकायचं नाही. समोरच्या खात्याचं नाव, दुवा, संदेश जपून ठेवायचे आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा पोलिसांकडे तक्रार करायची. 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवाही आहे. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या फोटोची एक सांकेतिक खूण ती तयार करते, फोटो फोनमधून बाहेर जात नाही, आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो आपल्या मंचावर शोधून काढून टाकू शकतात. आणि मोठ्यांसाठी : अत्याचाराचा व्हिडिओ 'या नराधमाला पकडा' म्हणून पुढे पाठवणं ही जनजागृती नाही, तो गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्ये पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं साहित्य जवळ बाळगण्याबाबतही कडक भूमिका घेतली आणि 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्द टाकून त्याला मुलांच्या शोषणाचं आणि अत्याचाराचं साहित्य म्हणावं असं सुचवलं. तुमच्या मोहिमेतही हाच शब्द वापरा. दर वेळी तो व्हिडिओ पुढे जातो तेव्हा त्यातल्या मुलावर पुन्हा अत्याचार होतो.

तुमच्या गटाकडे वळते. मुलांपर्यंत पोचायची वाट शोधणारी माणसं मुलांच्या संस्थांत, शिबिरांत, मोहिमांत येतात. हे लिहायला मलाही जड जातं. मुलांसोबत काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी व्हावी, हे पोक्सोच्या २०२० च्या नियमांत आहे. ती तुमच्या स्वयंसेवकांची आधी करून घ्या. कुणीही मुलासोबत बंद खोलीत एकटं बसणार नाही, मुलांचे नंबर घेणार नाही, मुलांना खासगी संदेश पाठवणार नाही, मुलांचे फोटो काढणार नाही. हे लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. हा कागद दाखवून शाळेत गेलात, की शाळेलाही तसाच कागद करा म्हणायचा अधिकार तुम्हाला येतो. माझा नियम असा आहे : मूल बोललं तर कुणी, कुठे, कधी कळवायचं हे ज्या शाळेने लिहून दिलेलं नाही, तिथे मी मुलांचं सत्र घेत नाही. सुरुवातीला दोन-तीन मुख्याध्यापक नाराज झाले. पण बोलायला सांगायचं आणि ऐकायला कुणी ठेवायचं नाही, हे मला पटत नाही.

मोहीम यशस्वी झाली हे कसं ओळखायचं, असंही तुम्ही विचारलंय. किती जण आले, किती फलक लागले हे मोजू नका. तीन महिन्यांनी त्याच पालकांना गाठून १०९८ हा क्रमांक आठवतो का ते विचारा. त्याच चिठ्ठ्या पुन्हा वाटा आणि पहिल्या दहा सेकंदांतली उत्तरं बदलली का ते बघा. शाळेत आलेल्या तक्रारी मोजा. त्या वाढतील आणि मुख्याध्यापक घाबरून म्हणतील, 'तुमच्यामुळे आमच्या शाळेचं नाव खराब झालं'. त्यांना आधीच सांगून ठेवा, की तक्रारी वाढणं म्हणजे मुलांचा शाळेवर विश्वास बसू लागणं. दहा वर्षांत एकही तक्रार न आलेल्या शाळेची मला जास्त काळजी वाटते.

यंदा तीन शाळांऐवजी एकच घ्या, पण तिथे वर्षभर जा. आधी शिक्षक आणि शिपाई, बसचालक धरून सगळे कर्मचारी, मग पालक, आणि मुलं सगळ्यात शेवटी. शक्य असेल तर ती त्या मुलाचीच शाळा असू द्या. आज फोन केलात, की नाव, गाव, शाळा असं काहीही न लिहिता इथे एवढंच कळवा, की फोन झाला. पलीकडून काय सांगितलं, त्यावरून तुमच्या गटाने पुढे काय करायचं ते आपण मिळून ठरवू.